मुलाच्या घरी सहा महिन्यांचे पाहुणे

एप्रिलच्या मध्यापासून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर रात्री उशिरा एक दृश्य हमखास दिसते. अमेरिकेकडे निघालेल्या प्रवाशांच्या रांगेशेजारी व्हीलचेअरची एक वेगळी रांग लागलेली असते. त्यात बसलेल्या अनेकांना चालण्याचा कसलाही त्रास नसतो. रोज सकाळी टेकडी चढून येणारेही त्यात असतात. मुलाने किंवा लेकीने तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवलेली असते. दुबई, फ्रँकफर्ट किंवा लंडनला विमान बदलताना दार चुकू नये, तिथले इंग्रजी न कळल्याने गोंधळ उडू नये आणि इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत सोबतीला कुणीतरी असावे, एवढाच त्यामागचा हेतू. ही सेवा विनामूल्य असल्याने तिचा वापर वाढला आहे आणि खरोखर गरज असलेल्यांना तिष्ठत बसावे लागते, ही त्याची दुसरी बाजू.

आई-वडिलांच्या या प्रवासाला मराठी घरांत 'अमेरिकावारी' म्हणतात. पंढरीच्या वारीसारखी ती दरवर्षी घडत नाही, पण दोन-तीन वर्षांतून एकदा घडतेच. १९९०च्या दशकाच्या अखेरीस संगणक अभियंत्यांची मोठी लाट अमेरिकेत गेली, तेव्हा पहिल्यांदा विमानात बसलेले पालक पन्नाशी-साठीत होते. आज तेच पंच्याहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. लाडू किती न्यायचे आणि थंडीचे कपडे कुठून घ्यायचे हे प्रश्न पूर्वीचेच. प्रवास करणाऱ्यांचे वय मात्र बदलले आहे. मुलाने तिथे स्वतःचे घर घेतले, त्या घरात आई-वडिलांची खोली राखून ठेवली, तरी कायद्याच्या दृष्टीने ते त्या घरातले पर्यटकच असतात. किती दिवस राहायचे, नातवाला सांभाळायचे की नाही आणि आजारी पडल्यास बिल कोणी भरायचे, या साऱ्या अडचणी त्या एका गोष्टीतून निघतात.

पालक पर्यटक का ठरतात?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बहुसंख्य भारतीय तरुणांकडे 'एच-१बी' हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा असतो. त्याच्या आधारे 'एच-४' व्हिसावर पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले यांना नेता येते. कुटुंबाची अमेरिकी व्याख्या इथे संपते. आई-वडील त्यात येत नाहीत.

कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड मिळाल्यावरही पालकांसाठी अर्ज करता येत नाही. तो अधिकार २१ वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकी नागरिकालाच आहे. नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्क्यांवर रोखलेला असल्याने भारतीयांची रांग दहा वर्षांहून अधिक लांबली आहे. त्यानंतर नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे आणखी पाच वर्षे. पंचविशीत शिकायला गेलेला मुलगा नागरिक होईतो पंचेचाळिशी ओलांडतो आणि तोवर वडील सत्तरी पार करून गेलेले असतात. हा हिशेब मांडला की 'बी-२' या पर्यटन व्हिसावर वर्षानुवर्षे ये-जा का करावी लागते, हे सहज लक्षात येते.

कॅनडाने या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. तिथे डिसेंबर २०११पासून आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' आहे. जुलै २०२२पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा आणि मुलाचे ठरावीक उत्पन्न या त्याच्या अटी आहेत. पालक येणार, बराच काळ राहणार आणि आजारीही पडणार, हे त्या व्यवस्थेने आधीच गृहीत धरले आहे. अमेरिकेत अशी सोय नाही.

मुलांनीच इकडे यावे, तर त्यातही आता जोखीम आहे. व्हिसाचा शिक्का संपलेल्या एच-१बीधारकाला भारतात आल्यावर वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागतो. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा भारतातील अनेकांच्या डिसेंबरमधल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नकार्यासाठी किंवा सुटीसाठी आलेले कित्येक जण इथेच अडकले. हे पाहिल्यावर 'तुम्हीच या' असा निरोप येऊ लागला, यात नवल नाही.

व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम मात्र खिडकीवर ठरतो

पश्चिम भारतातील अर्जदारांच्या मुलाखती मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत होतात. ही वकिलात नोव्हेंबर २०११मध्ये ब्रीच कँडीहून तेथे हलली. बोटांचे ठसे आणि छायाचित्र त्याआधी स्वतंत्र केंद्रात द्यावे लागतात. मुलाखत मराठीतही देता येते. तरी मुलाने पाठ करून घेतलेली इंग्रजी वाक्ये म्हणण्याकडे पालकांचा ओढा असतो आणि पहिल्या उपप्रश्नाला ती गडबडतात. आपल्या भाषेत सरळ उत्तर दिलेले केव्हाही बरे.

अमेरिकेच्या कायद्यात २१४(बी) हे कलम आहे. त्यानुसार पर्यटन व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच स्थायिक होण्याच्या इराद्याने निघाला आहे, असे मुळात गृहीत धरले जाते. तसे नाही, हे अर्जदाराने पटवून द्यायचे असते. यासाठी मुलाचे पगारपत्रक, बँकेचे उतारे आणि नोटरी केलेले हमीपत्र यांची जाडजूड फाइल नेली जाते. अधिकारी अनेकदा ती उघडतही नाही. मुलगा किती कमावतो यापेक्षा अर्जदाराला परत खेचून आणणारे इथे काय आहे, याकडे त्याचे लक्ष असते. घर, निवृत्तिवेतन, शेती, व्यवसाय, भारतात असलेले दुसरे अपत्य या गोष्टी बोलतात. दोन्ही मुले अमेरिकेत असलेल्या विधवा आईची बाजू या मोजपट्टीवर दुबळी ठरू शकते. मुलांना भेटण्याची गरज तर तिलाच सर्वांत जास्त असते.

व्हिसाचे शुल्क जून २०२३पासून १८५ डॉलर आहे. २०२५मध्ये संमत झालेल्या कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद असल्याने अर्ज भरतेवेळी लागू असलेली रक्कम पाहूनच हिशेब करावा. मुलाखतीची तारीख हा त्याहून मोठा प्रश्न. २०२२च्या अखेरीस भारतात पहिल्यांदा पर्यटन व्हिसा मागणाऱ्यांची प्रतीक्षा अडीच वर्षांच्या पुढे गेली होती. सुनेचे किंवा लेकीचे बाळंतपण नऊ महिन्यांत येते. वकिलातीची तारीख मिळेपर्यंत नातवंड बालवाडीत जाण्याच्या वयाचे झाले, असे त्या काळात अनेक घरांत घडले. पूर्वी ७९ वर्षांवरील अर्जदारांना मुलाखतीतून सूट होती. २ सप्टेंबर २०२५पासून ती वयाधारित सूट बंद झाली. जुना दहा वर्षांचा व्हिसा संपून बारा महिने उलटले नसतील, तर मात्र मुलाखतीविना नूतनीकरणाची सोय राहिली आहे. पासपोर्ट कपाटात ठेवून विसरणाऱ्यांनी ही मुदत आवर्जून पाहावी.

व्हिसा हाती आला की दहा वर्षांची चिंता मिटली, असा समज सार्वत्रिक आहे. प्रत्यक्षात व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचे, हे अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. मुंबईहून शिकागोमार्गे डेन्व्हरला जाणाऱ्याची तपासणी शिकागोतच होते. तिथे बॅगा ताब्यात घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात. त्यामुळे दोन विमानांत दीड तासाचेच अंतर ठेवणारे स्वस्त तिकीट वयस्करांसाठी महाग पडते. अबूधाबीमार्गे जाणाऱ्यांची मात्र ही तपासणी २०१४पासून अबूधाबीतच उरकली जाते आणि अमेरिकेत ते देशांतर्गत प्रवाशांसारखे उतरतात.

पर्यटकाला साधारणपणे सहा महिन्यांचा मुक्काम दिला जातो. त्याची नोंद 'आय-९४' या दस्तऐवजात होते. पूर्वी पासपोर्टला टाचलेले पांढरे कार्ड असे. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३पासून ही नोंद संगणकीय झाली आहे. ती सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. पोहोचल्यावर दोन दिवसांतच मुलाकडून ती छापून घ्यावी आणि नाव, जन्मतारीख व मुक्कामाची अखेरची तारीख ताडून पाहावी. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर मुक्कामही तिथवरच दिला जाऊ शकतो. शेवटच्या वर्षात असलेल्या पासपोर्टचे नूतनीकरण निघण्यापूर्वीच केलेले बरे.

मुदत वाढवून घेता येते. त्यासाठी मुदत संपण्याआधी 'आय-५३९' हा अर्ज करावा लागतो आणि कारण सबळ लागते. २०२४मध्ये त्याचे शुल्क कागदी अर्जासाठी ४७० आणि ऑनलाइन अर्जासाठी ४२० डॉलर करण्यात आले. अर्ज न करता एक दिवस जरी अधिक राहिले, तरी दहा वर्षांचा व्हिसा कायद्याने रद्दबातल ठरतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक झाला तर तीन वर्षे आणि एक वर्ष किंवा त्याहून अधिक झाला तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागते. पंच्याहत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे सांगायला नको.

'सहा महिने तिथे, सहा महिने इथे राहावेच लागते' असा एक नियम ज्येष्ठ नागरिक कट्ट्यांवर सांगितला जातो. असा लेखी नियम नाही. मात्र पाच महिने २८ दिवस राहून परतलेला माणूस तीन महिन्यांनी पुन्हा खिडकीवर उभा राहिला, तर हा पर्यटक आहे की रहिवासी, अशी शंका अधिकाऱ्याला येते आणि पुढच्या खेपेला मुक्काम कमी करणे त्याच्या हातात असते.

'कशासाठी आलात?'

खिडकीवरच्या या प्रश्नाला अनेक आज्या कौतुकाने उत्तर देतात, 'नातवाला सांभाळायला.' अडचण इथेच सुरू होते. पर्यटन व्हिसावर काम करण्यास मनाई आहे. मुलांना भेटणे, नातवंडांत रमणे हा त्या व्हिसाचा रास्त हेतू मानला जातो. परंतु पगारी दाईच्या जागी सहा महिने आजी, असा अर्थ अधिकाऱ्याने लावला तर तो या मुक्कामाकडे काम म्हणून पाहू शकतो. दोहोंमधली रेषा पुसट आहे.

भारतीय घरात बाळंतपणाला आई जाते ते काम म्हणून जात नाही. तिला कुणी पगार देत नाही आणि देऊ केला तर ती रागावेल. तरीही अमेरिकेत पाळणाघराचा महिन्याचा खर्च कित्येकदा घरभाड्याशी स्पर्धा करतो आणि दोघांची सुटी संपली की आजीचे तिकीट निघते, हेही तितकेच खरे. आधी आईचे आई-वडील, मग वडिलांचे, असे सहा-सहा महिन्यांचे पाळीपत्रक कित्येक घरांत लागलेले असते. यावर खोटे बोलणे हा उपाय मुळीच नव्हे. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. भेटीला आल्याचे, परतीचे तिकीट काढल्याचे आणि घरी कोण आहे याचे खरे, थोडक्यात उत्तर द्यावे. मुलांनीही तिकिटाबरोबर 'आई आली की पाळणाघर बंद' अशी योजना आखू नये.

तांदूळ, हापूस आणि कढीपत्ता

बॅगेच्या बाबतीत मराठी घरांत दोन टोके आढळतात. एक, काहीच न्यायचे नाही. दुसरे, सगळे काही न्यायचे आणि कागदावर 'नाही' अशी खूण करायची. दुसरे महागात पडते. खाद्यपदार्थ असल्याचे जाहीर केले आणि त्यातले काही चालणारे नसले, तर ते काढून घेतात व प्रकरण तिथेच संपते. जाहीर केले नाही आणि सापडले, तर पहिल्याच वेळी ३०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

घरचा आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ नेता येत नाही. 'खाप्रा' नावाच्या धान्यकिडीच्या भीतीने २०११पासून भारतासह अनेक देशांतून प्रवाशांनी तांदूळ आणण्यावर बंदी आहे. हरभऱ्यांनाही पुढे तोच नियम लागला. ओला कढीपत्ता लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणाऱ्या किडीमुळे अडवला जातो. हापूसची पेटी तर नकोच. अमेरिकेने भारतीय आंब्यावरील बंदी २००७मध्ये उठवली, ती विकिरण प्रक्रिया केलेल्या आंब्यापुरती. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या केंद्रातून तो प्रवास सुरू झाला. प्रवाशाच्या हातातला आंबा त्या प्रक्रियेतून गेलेला नसतो. भाजलेले, तळलेले, बंद पाकिटातले पदार्थ, मेतकूट, गोडा मसाला, चकल्या हे बहुधा अडत नाही. डिंकाचे लाडू अधिकाऱ्याला समजावून सांगण्याची तयारी मात्र ठेवावी.

दुबई किंवा अबूधाबीमार्गे जाणाऱ्यांनी खसखशीची विशेष काळजी घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारशांवरची खसखस किंवा मसाल्याची पुरचुंडी ही तिथे गमतीची बाब राहत नाही. रोख रकमेचे सोपे आहे. कुटुंबाकडे मिळून दहा हजार डॉलरहून अधिक असतील तर जाहीर करायचे. नेण्यास मनाई नाही.

छातीतली कळ आणि डॉलरचा हिशेब

या प्रवासातला सर्वांत गंभीर भाग आजारपणाचा आहे आणि नेमका तोच घाईघाईत उरकला जातो. भारतात नोकरी करणाऱ्या मुलाच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात आई-वडिलांना अनेकदा सामावून घेतले जाते. तोच मुलगा अमेरिकेत गेला की तिथल्या कंपनीचा विमा पत्नी आणि मुलांपुरता राहतो. ज्येष्ठांसाठी असलेली 'मेडिकेअर' ही सरकारी योजना पर्यटकाला लागू नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या पालकांनाही ती पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतरच पैसे भरून घेता येते. उरतो तो पाहुण्यांसाठीचा खासगी विमा.

त्याचे दोन ढोबळ प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक सेवेला ठरावीक रक्कम मिळते, दुसऱ्यात प्रत्यक्ष बिलाचा मोठा हिस्सा. पहिला स्वस्त असतो, म्हणून तोच अधिक घेतला जातो. फरक उदाहरणाने कळेल. समजा, तीन दिवस रुग्णालयात राहण्याचे बिल ४० हजार डॉलर आले. ठरावीक रकमेच्या पॉलिसीत खोलीसाठी दिवसाला १,५०० डॉलर लिहिले असतील, तर साडेचार हजार मिळतील. डॉक्टर, तपासण्या यांचे थोडे आणखी, आणि उरलेले तीसेक हजार डॉलर मुलाच्या माथी. दुसऱ्या प्रकारात २५० डॉलर स्वतः भरायचे, पुढच्या पाच हजारांतील वीस टक्के भरायचे आणि त्यानंतरचे सगळे मर्यादेपर्यंत कंपनीने द्यायचे, अशी रचना असेल, तर घरच्यांचा वाटा १,२५० डॉलरवर थांबतो. दोन्ही पॉलिसींच्या मुखपृष्ठावर 'एक लाख डॉलर' हाच आकडा असतो. आतली पाने वाचल्याखेरीज भेद दिसत नाही.

दुसरा मुद्दा जुन्या आजारांचा. साठीपुढच्या माणसाला रक्तदाब, मधुमेह यांपैकी काहीतरी असतेच. बहुतेक पॉलिसी आधीच्या आजारावर उपचार देत नाहीत. फार तर त्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका तेवढा मान्य करतात. हा 'अचानक' शब्द काटेकोर आहे. पूर्वसूचना न देता उद्भवलेला, तातडीने उपचार लागणारा आणि साधारणपणे २४ तासांच्या आत डॉक्टरकडे नेलेला, अशी त्याची व्याख्या असते. हळूहळू चिघळलेली मधुमेहाची जखम त्यात बसत नाही. नेहमीचे डायलिसिस बसत नाही. सत्तरीनंतर ही सवलत अनेक पॉलिसींतून निघून जाते किंवा तिची मर्यादा एकदम खाली येते, आणि ऐंशीनंतर तर विम्याची एकूण रक्कमच तुटपुंजी होते. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरने गोळ्यांत बदल केला असेल, तर प्रकृती 'स्थिर नव्हती' हे कंपनीला सांगता येते.

मराठी घरांतला एक जुना स्वभाव इथे घातक ठरतो. मुलाचा खर्च नको म्हणून आई दुखणे सांगत नाही. छातीत भरून येते, ती 'ॲसिडिटी असेल' म्हणत ओवा-सोडा घेते, वडील 'घरी गेल्यावर बघू' म्हणतात, आणि दोन दिवसांनी रात्री रुग्णवाहिका बोलवावी लागते. डॉक्टरच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिले जाते, 'परवापासून दुखते आहे.' ते उत्तर खरेच असले पाहिजे, कारण उपचार त्यावर ठरतात. पण केसपेपरवर उमटलेल्या त्या वाक्याने 'अचानक' ही अट मोडते आणि दावा नाकारला जाण्याची वाट मोकळी होते. खर्च वाचवण्यासाठी लपवलेल्या दुखण्यानेच खर्च अंगावर येतो, आणि जिवावरही बेतते. मुलाने पहिल्याच आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर, विम्याची कागदपत्रे समोर ठेवून हे स्पष्ट बोलावे. अनेक घरांत तेवढे एक बोलणे राहून जाते.

प्रसंग आला तर कुठे जायचे, हेही आधी ठरलेले हवे. ताप, खोकला, मुरगळलेला पाय यांसाठी 'अर्जंट केअर' नावाची दवाखानेवजा केंद्रे असतात. तिथला खर्च रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागापेक्षा कितीतरी कमी असतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, शुद्ध हरपणे यांत मात्र ९११ हाच क्रमांक. १९८६च्या कायद्यानुसार रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाला पैशांची विचारणा बाजूला ठेवून रुग्णाला तपासावे आणि त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. उपचार नाकारले जात नाहीत. बिल नंतर येते. ते आल्यावर लगेच भरू नये. तपशीलवार बिल मागावे, विमा कंपनीचा निर्णय येऊ द्यावा आणि रुग्णालयाच्या अर्थसाहाय्य विभागाशी बोलावे. ना-नफा रुग्णालयांना असे धोरण ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. इंग्रजीत सांगता येत नसेल, तर फोनवरून दुभाषा मागता येतो.

औषधांचे गणित थोडे विचित्र आहे. मुक्काम सहा महिन्यांचा, पण सोबत साधारण ९० दिवसांची औषधे न्यावीत, असे तिथल्या औषध प्रशासनाचे धोरण आहे; पुढच्या साठ्यासाठी डॉक्टरचे पत्र आणि मूळ चिठ्ठी लागते. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. गोळ्या मूळ वेष्टनात असाव्यात आणि चिठ्ठीवर औषधाचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, कारण इथली व्यापारी नावे तिथे कुणाला कळत नाहीत. पॅरासिटामॉलसुद्धा तिथे ॲसिटामिनोफेन होते. झोपेच्या गोळ्या आणि कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवावी. जुन्या ईसीजीची प्रत जवळ असली, तर नवा बदल कोणता आणि जुना कोणता, हे तिथल्या डॉक्टरला मिनिटभरात कळते. दातांची आणि चष्म्याची कामे निघण्यापूर्वी इथेच उरकावीत. पाहुण्यांच्या विम्यात त्यांना सहसा जागा नसते.

दुपारचे चार तास

प्रकृती उत्तम राहिली, तरी एकटेपणाचा त्रास चुकत नाही. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत, आणि बाहेर पदपथही नाही अशा उपनगरात दुपारचे चार तास लांबच लांब होतात. मोटार चालवता येत नाही, म्हणजे भाजी आणायलाही शनिवारची वाट पाहायची. पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. बहिणीला फोन करावा तर ती झोपलेली. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट, सनीव्हेल किंवा न्यू जर्सीतील एडिसन अशा भारतीय वस्तीच्या गावांत बागेतल्या बाकावर समवयस्क भेटतात, देऊळ असते, मराठी मंडळाचा गणपती असतो. मुलाचे घर अशा गावात आहे की मैलोन्‌मैल शेजार नसलेल्या वसाहतीत, यावर सहा महिने रमायचे की अडीच महिन्यांत तिकीट बदलायचे, हे बरेचसे ठरते. पहिल्या खेपेला तीन महिन्यांचेच तिकीट काढावे, असे अनुभवी पालक सांगतात. ते व्यवहाराचे आहे.

निघताना मागच्या घराची व्यवस्था लागते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला आठवावा लागतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण' सोयीमुळे बँकेत जाणे टळले आहे, आणि परदेशात असताना भारतीय वकिलातीतूनही दाखला साक्षांकित करून मिळतो. एप्रिलमध्ये गेलेले दांपत्य सहा महिने भरून ऑक्टोबरच्या मध्याला परतले, तर हे काम घरीच होते आणि बहुतेक वर्षी दिवाळीही साधते. परतल्यावर विमानात चढतानाचा पास लगेच फेकून देऊ नये. महिन्याभराने त्याच संकेतस्थळावर मुलाला प्रवासाची नोंद पाहायला सांगावी आणि अमेरिका सोडल्याची तारीख तिथे उमटली आहे याची खात्री करून घ्यावी. ती उमटली नसेल, तर पुढच्या खेपेला खिडकीवर दाखवायला तो पासच कामी येतो.